अंडाशयाचा रिपोर्ट घरात येतो तेव्हा

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात दुआ आणि दवाखाना दोन्ही सुरू होतात. त्यात गैर काही नाही. इलाज करणे हे तवक्कुलच्या विरोधात नाही, हे आमच्या बहुतेक वाचकांना सांगायची गरज नाही. पण गेल्या काही वर्षांत या वाटेवर एक नवा कागद आला आहे. रक्ततपासणीचा रिपोर्ट, त्यावर 'एएमएच' ही तीन अक्षरे आणि समोर ०.७, ०.९ किंवा कधी ६.५ असा एखादा आकडा. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर दोन वाक्ये बोलतात, आणि कागद घरी येतो. मग त्याचा अर्थ सासूबाई, नणंद, जाऊ, शेजारची खाला आणि मोबाईल असे सगळे मिळून लावतात. "हिची बीजे संपली" असा निकाल रात्रीच्या जेवणापर्यंत लागलेला असतो. काही घरांत दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू होते. काही ठिकाणी क्लिनिकमधूनच "दुसऱ्या बाईचे बीज घ्या, लवकर काम होईल" असा सल्ला मिळतो.

आमच्याकडे येणाऱ्या भगिनींच्या पत्रांत हा मजकूर वारंवार असतो. पत्र लिहिणारी बहुधा तिशीच्या आसपासची असते, आणि तिचा प्रश्न वैद्यकीय कमी व घरातला जास्त असतो. म्हणून हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, उपचाराच्या इंजेक्शनांना अंडाशय कसा प्रतिसाद देतो, आणि बीजे कमी निघाली तर आपल्या दीनच्या चौकटीत कोणत्या वाटा उरतात, हे येथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात अंडाशयापासून करू. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माला येते तेव्हा दहा ते वीस लाख उरतात आणि वयात येईपर्यंत तीन ते पाच लाख. पुढे नवे एकही बीज तयार होत नाही. दर महिन्याला या साठ्यातून बीजांचा एक छोटा गट जागा होतो. प्रत्येक बीज पाण्याने भरलेल्या बारीक पिशवीत असते, डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात. या गटातले एकच बीज पुढे जाते, पिकते आणि बाहेर पडते. बाकीची त्याच महिन्यात विरून जातात.

हे नीट लक्षात घेतले तर एक मोठी भीती आपोआप जाते. "इंजेक्शने देऊन एकदम दहा बीजे काढली तर पुढची दहा महिन्यांची बीजे संपतील ना?" असे अनेक जणी विचारतात. तसे होत नाही. इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात जी बीजे विरूनच जाणार होती तीच वाचवून वाढवली जातात. साठ्याच्या पुढच्या भागाला हात लागत नाही, आणि पाळी लवकर थांबत नाही.

आता एएमएच. पूर्ण नाव अँटी म्युलेरियन हार्मोन. अंडाशयातल्या लहान लहान फॉलिकलांच्या भिंतीतून हे रक्तात येते. लहान फॉलिकल जितकी जास्त, तितके हे हार्मोन जास्त. म्हणजे हा साठ्याचा अंदाज आहे. धान्याच्या कोठीबाहेर उभे राहून आत किती पोती असतील असे म्हणावे, तसा. पोत्यातले धान्य किती सकस आहे हे त्यावरून कळत नाही. ते बऱ्याच अंशी वयावर अवलंबून असते. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचे एएमएच ०.८ असेल, तर बीजे कमी, पण त्यातली चांगली बीजे निघण्याची शक्यता बरीच. बेचाळीस वर्षांच्या स्त्रीचे ३ असेल, तर बीजे भरपूर, पण चाळिशीनंतर तयार होणाऱ्या भ्रूणांपैकी निम्म्याहून अधिक भ्रूणांत गुणसूत्रांचा दोष असतो. दोघींचे रिपोर्ट शेजारी ठेवून दुसरी नशीबवान आहे असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. तरी आपल्याकडे ते रोज म्हटले जाते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एएमएच कमी म्हणजे मूल होणारच नाही, असे हा आकडा सांगत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या, नुकताच गर्भधारणेचा प्रयत्न सुरू केलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा तो होता. त्यात एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्या स्त्रियांना बारा महिन्यांत नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. कारण सरळ आहे. नैसर्गिक गर्भधारणेला महिन्याला एकच बीज लागते. कोठीत शंभर पोती असोत की दहा, त्या दिवशीच्या भाकरीला पीठ लागते ते मूठभर. म्हणून लग्न ठरवताना किंवा लग्न होऊन सहा महिने झाल्यावर "खात्रीसाठी" ही तपासणी करून घेणे आम्हाला निरर्थक वाटते. हा आकडा उपयोगी पडतो तो मुख्यतः एका कामासाठी. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शने दिली तर किती बीजे हाती येतील आणि डोस किती द्यावा, हे ठरवायला.

त्यातही आकडा वाचण्याच्या काही बारीक बाबी आहेत. एएमएच पाळीच्या कोणत्याही दिवशी करता येते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, काही यंत्रांवर हार्मोनचे आकडे त्यामुळे चुकतात. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात, काही पिकोमोलमध्ये, आणि नॅनोग्रॅमचा १ म्हणजे पिकोमोलचा साधारण ७. दोन लॅबचे रिपोर्ट समोर ठेवून "सात होते ते एकावर आले" म्हणून रडणे झालेले आहे, म्हणून हे लिहावे लागते. अंडाशयावर चॉकलेट सिस्टचे ऑपरेशन झाले असेल किंवा कर्करोगावरची औषधे घेतली असतील तर साठा खरोखर घटलेला असू शकतो. तो इतिहास डॉक्टरांपासून लपवू नये.

एएमएचच्या जोडीला आणखी दोन तपासण्या असतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली दोन ते दहा मिलिमीटरची फॉलिकल मोजतात. ही मोजणी आणि एएमएच यांचा मेळ बसला तरच अंदाजावर भरवसा ठेवावा. त्याच दिवशी रक्तातले एफएसएच बघतात. एफएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते आणि अंडाशयाला "बीज वाढव" असा हुकूम देते. अंडाशय चटकन ऐकत असेल तर हुकूम हळू आवाजात दिला तरी पुरतो. ऐकत नसेल तर आवाज वाढत जातो. एफएसएच दहाच्या वर गेले तर अंडाशय ऐकायला जड झाला आहे असे समजतात. मात्र सोबत इस्ट्राडिऑल हे हार्मोनही बघावे लागते. ते ८० पिकोग्रॅमच्या वर असेल तर एफएसएच दबून राहते आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. एकट्या एफएसएचवर "सगळे ठीक आहे" असे कोणी सांगितले, तर इस्ट्राडिऑल किती होते ते विचारावे.

पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीत हा आवाज सर्वांत मोठा असतो. अंडाशय उत्तरच देत नाही, म्हणून एफएसएच वाढत राहते आणि लघवीवाटे बाहेर पडते. उपचाराची जुनी इंजेक्शने यातूनच निघाली. इटलीत वृद्ध जोगिणींच्या मठांमधून लघवी गोळा करून त्यातून हे हार्मोन वेगळे केले गेले आणि १९६२ मध्ये अशा औषधाने उपचार घेतलेल्या स्त्रीला पहिले मूल झाले. आजही बाजारात मिळणारी एचएमजीची इंजेक्शने याच मार्गाने, अर्थात खूप शुद्ध करून बनतात. काही भगिनींच्या मनात येथे तहारतचा प्रश्न येतो, आणि तो येणे आम्हाला गैर वाटत नाही. मूळ पदार्थाचे स्वरूप बदलले, तसेच इलाजाची गरज आहे, या दोन मुद्द्यांवर अनेक उलेमा याला परवानगी देतात. ज्यांचे मन तरीही मानत नाही त्यांच्यासाठी १९९० च्या दशकापासून जनुकीय तंत्राने प्रयोगशाळेत बनवलेले एफएसएच मिळते. ते महाग आहे. परिणामात फार फरक नाही, तेव्हा केवळ "भारी औषध" म्हणून ते घेण्याची गरज नाही.

या इंजेक्शनांशी आपल्या देशाचेही नाते जुने आहे. जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले ते इंजेक्शनांशिवाय, नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजापासून. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी जे बाळ जन्माला आणले त्यात त्यांनी अंडाशय उत्तेजित करण्यासाठी हीच इंजेक्शने वापरली होती. आज जगभर हीच पद्धत रूढ आहे, पण त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी बाळ जन्मले, आणि ते देशातले पहिले मानले गेले. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. स्वतःच्या नावावरचा मान असा दुसऱ्याला देणारी माणसे फार नसतात.

इंजेक्शनांचे दहा दिवस

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शने सुरू होतात आणि साधारण आठ ते बारा दिवस रोज ठरल्या वेळी पोटावर घ्यायची असतात. डोस बहुधा १५० ते २२५ युनिटचा असतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुसरे एक इंजेक्शन जोडले जाते, ज्यामुळे बीजे वेळेआधी फुटून जात नाहीत. एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी होते. रक्तातले इस्ट्राडिऑल वाढत जाते. पिकलेले प्रत्येक फॉलिकल साधारण दोनशे ते तीनशे पिकोग्रॅम इस्ट्राडिऑल देते, म्हणून आकडा आणि सोनोग्राफीतली मोजणी यांचा मेळ डॉक्टर घालतात. मोठी फॉलिकल १७-१८ मिलिमीटरची झाली की रात्री 'ट्रिगर' नावाचे शेवटचे इंजेक्शन देतात आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी, थोडी भूल देऊन, बीजे काढतात. ट्रिगरची वेळ घड्याळाप्रमाणे पाळावी लागते. रात्री साडेदहाला सांगितले असेल तर साडेदहालाच. पाहुणे आले म्हणून बाराला घेतले, तर सकाळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याची किंमत मोजावी लागू शकते.

सोनोग्राफीत बारा फॉलिकल दिसली म्हणजे बारा मुले नव्हे, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. समजा दहा बीजे निघाली. त्यातली आठेक पक्व असतात, पाच-सहा फलित होतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन भ्रूण टिकतात. दररोज क्लिनिकमधून फोन येतो आणि दररोज आकडा कमी होतो. बाईला हे दिवस इंजेक्शनांपेक्षा जड जातात. फोन आल्यावर "आता किती राहिले?" असे सगळ्या घराने विचारू नये, एवढे तरी करता येईल.

बीजे तीन किंवा त्याहून कमी निघाली तर डॉक्टर त्याला कमी प्रतिसाद म्हणतात. कारण प्रत्येक वेळी साठाच असते असे नाही. डोस कमी पडला असेल, वजन जास्त असेल, इंजेक्शन टोचताना औषध बाहेर ओघळले असेल. आणि एक कारण आपल्या भागात विशेष आहे. यातली बरीच इंजेक्शने दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. मुंबईहून औषध घेऊन एसटीने किंवा रेल्वेने सात-आठ तास प्रवास, वर उन्हाळा, गावात वीज गेलेली. औषध गरम झाले तर ते दिसायला तसेच राहते, पण काम करत नाही. उलट काही जण काळजीपोटी ते फ्रीजरमध्ये ठेवतात, तेही गोठून खराब होते. बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा, बर्फ आणि औषध यांच्यामध्ये कापड, आणि घरी आल्यावर फ्रिजचा मधला कप्पा. भुकटीच्या स्वरूपातली काही इंजेक्शने बाहेरही चालतात. कोणते कुठे ठेवायचे ते घेतानाच चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

कमी प्रतिसाद आला की पुढच्या वेळी डोस भरमसाट वाढवला जातो. त्याचा फायदा मर्यादित आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिमिस्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत, कमी प्रतिसाद अपेक्षित असलेल्या स्त्रियांना जास्त डोस देऊनही बाळ होण्याचे प्रमाण वाढले नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात ३०० युनिटच्या वरचा डोस सुचवलेला नाही. जी फॉलिकल नाहीतच ती औषध कोठून आणणार? अंडाशयात पीआरपी टोचणे, महागड्या पावडरी, डीएचईएच्या गोळ्या, यांची जाहिरात जोरात आहे आणि पुरावा कमकुवत आहे. ज्या घराने बायकोचे दागिने गहाण ठेवून पहिली सायकल केली, त्यांना दुसऱ्या वेळी हे सगळे बिलात जोडून देणे आम्हाला योग्य वाटत नाही. कमी बीजांच्या तरुण स्त्रीसाठी त्यापेक्षा सरळ वाट म्हणजे पद्धत थोडी बदलून दुसरी सायकल करणे, किंवा दोन-तीन सायकलींतले भ्रूण गोठवून साठवणे.

दुसऱ्या टोकाचा धोका याहून गंभीर आहे आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. एएमएच साडेतीनच्या वर, पीसीओएसचा त्रास, वय कमी, अंगाने बारीक, अशा मुलीचा अंडाशय इंजेक्शनांना फार जोरात उत्तर देतो. वीस-पंचवीस फॉलिकल वाढतात, इस्ट्राडिऑल काही हजारांत जाते. घरचे खूश होतात, "माशाअल्लाह, पंचवीस बीजे!" पण येथे जास्त म्हणजे जास्त बरकत नव्हे. ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक सायकलींच्या अभ्यासात पंधरा बीजांपर्यंत बाळ होण्याची शक्यता वाढत गेली, पुढे थांबली, आणि वीसच्या पुढे घटू लागली. शिवाय अशा स्त्रीला रक्तवाहिन्यांतले पाणी पोटात झिरपण्याचा त्रास होऊ शकतो. पोट फुगते, दिवसाला किलोभर वजन वाढते, उलट्या होतात, लघवी कमी होते, धाप लागते. रक्त घट्ट होऊन गुठळ्या होऊ शकतात. अशा वेळी "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देत बसू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. हा त्रास टाळता येतो. डोस कमी ठेवणे, ट्रिगरसाठी एचसीजीऐवजी दुसरे इंजेक्शन वापरणे, आणि त्या महिन्यात भ्रूण गर्भाशयात न सोडता सगळे गोठवणे, या तिन्ही गोष्टी आज सर्वत्र उपलब्ध आहेत. तेव्हा डॉक्टर "या महिन्यात ट्रान्स्फर नको" म्हणाले तर ते पैसे काढायला म्हणाले असे समजू नये. ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन वाढलेले असले तरीही असाच सल्ला मिळतो, कारण गर्भाशयाचे अस्तर वेळेआधी पुढे गेलेले असते.

दुसऱ्या स्त्रीचे बीज

सर्वांत अवघड प्रश्न येथे येतो. एएमएच कमी असले की अनेक क्लिनिक दान केलेल्या बीजाचा पर्याय लवकर पुढे करतात. त्यात यशाचे प्रमाण चांगले दिसते, कारण बीज तरुण स्त्रीचे असते. वैद्यकीयदृष्ट्या सल्ला खोटा नसतो. पण आपल्याला तो दुसऱ्या बाजूनेही तपासावा लागतो.

सुन्नी उलेमांच्या मोठ्या समूहाचे मत यात स्पष्ट आहे. इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी मार्च १९८० मध्ये, आणि आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ऑक्टोबर १९८६ मधल्या अम्मानच्या बैठकीत हा विषय हाताळला. अकादमीने सात प्रकार समोर ठेवले. पतीचे वीर्य आणि पत्नीचे बीज बाहेर फलित करून त्याच पत्नीच्या गर्भाशयात ठेवणे, आणि पतीचे वीर्य पत्नीच्या शरीरात सोडणे, हे दोन गरजेपोटी आणि पूर्ण खबरदारीने मान्य केले. परक्याचे वीर्य, परक्या स्त्रीचे बीज, परक्या स्त्रीचे गर्भाशय, इतकेच नव्हे तर एका पत्नीचे भ्रूण दुसऱ्या पत्नीच्या गर्भाशयात ठेवणे, हे पाचही प्रकार नाकारले. कारण नसबचे आहे. मूल कोणाचे, हे निःसंशय राहिले पाहिजे. काही शिया मुज्तहिदांनी अटींसह वेगळे मत दिले आहे, तेव्हा शिया वाचकांनी आपल्या मरजअकडे विचारणा करावी. भारतातले काही उलेमा पती-पत्नीमधल्या आयव्हीएफबाबतही अधिक सावध आहेत. उपचाराआधी जाणत्या आलिमशी बोलून घ्यावे, आणि बोलताना रिपोर्ट सोबत न्यावा.

"मग बहिणीचे बीज घेऊ, ती तर घरचीच" असे सुचवणारे नातेवाईक असतात. शरीयतच्या दृष्टीने तीही परकीच, आणि २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे दानाचे बीज नोंदणीकृत बँकेमार्फतच येते. याच कायद्याने पती-पत्नी दोघांची लेखी संमती बंधनकारक केली आहे. येथे आमचा आग्रह आहे की संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. छापील कागदात दान केलेल्या बीजाची किंवा वीर्याची ओळ असते. ती आपल्याला लागू नसेल तर खोडून, "फक्त पती-पत्नीचे बीज आणि वीर्य" असे आपल्या हाताने लिहावे आणि त्याची प्रत मागावी. किती भ्रूण गोठवायचे, कायद्याप्रमाणे दहा वर्षांपर्यंत ते ठेवता येतात, पण तलाक किंवा मृत्यू झाला तर त्यांचे काय करायचे, हेही तेथेच लिहिले जाते. निकाह टिकून असेपर्यंतच ते वापरता येतात, ही अट उलेमांनी घातली आहे.

दुसऱ्या निकाहबद्दलही एक वाक्य लिहिणे भाग आहे. तो निर्णय एखाद्या घराने करायचा तर करो, पण पत्नीच्या एएमएचवर बोट ठेवून करू नये, आणि पतीची वीर्यतपासणी झाल्याशिवाय तर मुळीच करू नये. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण पूर्णपणे किंवा अंशतः असते. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि एएमएचच्या आधी व्हायला हवी. तरीही बायकोचे पाच रिपोर्ट झाल्यावर नवरा तयार होतो. नमुना देण्याचा संकोच असेल तर पत्नीच्या सोबतीने घरी नमुना घेऊन वेळेत पोहोचवता येतो किंवा तपासणीसाठीचा खास निरोध मिळतो. हजरत जकरिया (अलै.) यांनी म्हातारपणी औलादीसाठी केलेली दुआ कुरआनमध्ये आहे. सूरह शूरामध्ये मुलगी, मुलगा किंवा काहीच नाही, हे सर्व अल्लाहच्या मर्जीकडे सोपवलेले आहे. आणि उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना स्वतःचे मूल नव्हते. भाच्याच्या नावावरून त्या उम्मे अब्दुल्लाह म्हणवल्या गेल्या. त्यांच्या दर्जाबद्दल कोणत्या घरात शंका आहे?

कोकणातल्या आणि आता मराठवाड्यातल्याही अनेक घरांत प्रश्न आणखी वेगळा असतो. नवरा दुबई, कुवेत किंवा सौदीत, वर्षाला दीड-दोन महिन्यांची रजा. लग्नाला पाच वर्षे झाली म्हणतात, पण एकत्र राहिलेले दिवस मोजले तर वर्षही भरत नाही. वंध्यत्व म्हणायला बारा महिने नियमित एकत्र राहूनही दिवस न राहणे ही व्याख्या आहे, पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिने. अशा मुलीवर वांझपणाचा शिक्का मारणे आधी थांबवले पाहिजे. उपचार लागलाच तर रजेच्या मागे धावू नये. तिची एएमएच, सोनोग्राफी वगैरे तो यायच्या आधी होऊ शकते. त्याचे वीर्य रजेत गोठवून ठेवले तर इंजेक्शने तो परत गेल्यावरही देता येतात. नमुन्यावर नाव नीट लावले जाते का आणि ओळख कशी पटवली जाते, हे अशा वेळी प्रयोगशाळेत जाऊन विचारावे. चांगले क्लिनिक या प्रश्नाने नाराज होत नाही. स्त्री डॉक्टर मागणेही हक्काचे आहे, बहुतेक मोठ्या शहरांत ते जमते.

रमजानबद्दल प्रश्न येतच असतात. पोटावरच्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. पण आतून होणारी सोनोग्राफी आणि योनिमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या यांबाबत हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत अडचण सांगितली जाते. शिवाय बीजे काढायच्या दिवसांत पाणी भरपूर प्यावे लागते. उपचार पुढे ढकलण्यासारखा असेल तर ईदनंतर सुरू करणे सोयीचे. वय किंवा साठा पाहून डॉक्टर थांबू नका म्हणाले, तर आजारपणाची सवलत आहेच, रोजे नंतर कजा करता येतात.

सायकल यशस्वी होवो वा न होवो, संपल्यावर क्लिनिककडून एक पान मागून घ्यावे. रोजचा डोस, इस्ट्राडिऑलचे आकडे, ट्रिगर कोणते आणि केव्हा दिले, किती बीजे निघाली, किती पक्व होती, किती भ्रूण झाले. पुढचा डॉक्टर, तोच असो वा दुसरा, एएमएचच्या आधी हे पान बघेल. अंडाशयाने प्रत्यक्ष दिलेला जबाब त्यात असतो.